मागच्या सीटचं माप

शोरूमला निघताना मी पर्समध्ये मापाची टेप टाकली, तिथून सगळं बिघडलं.

टेप मी मुद्दाम नाही, सवयीने टाकली. तीस वर्षं मी घरी शिवणकाम करते. शाळेचे गणवेश, पडदे, सोफ्याची कव्हरं, कुणाची सैल झालेली पँट, कुणाची घट्ट झालेली (या जास्त येतात). त्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की ती किती रुंद आहे हे मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. लोक बागेत जाऊन फुलं बघतात, मी बाकाची लांबी बघते.

आता शोरूम कशाचं ते सांगते. आमचे हे पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासायला होते. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या अंगणात ओणवं होऊन आकडे लिहिले आणि निवृत्तीनंतर आठव्या दिवशी सकाळी पाठ ताठ करून जाहीर केलं, "मी मोटारसायकल घेणार. तीन चाकी."

"तीन चाकी म्हणजे भाजीचा टेम्पो का रे?" सासूबाईंनी विचारलं.

"टेम्पो नाही गं आई. मोटारसायकलच. पुढे एक चाक, मागे दोन. उभी केली की पडत नाही."

यातलं 'पडत नाही' महत्त्वाचं. ह्यांचा डावा गुडघा दोन वर्षांपूर्वी मीटरच्या खड्ड्यात गेला, तेव्हापासून तो ह्यांचं ऐकत नाही. दोन चाकांच्या गाडीवर सिग्नलला थांबायचं तर पाय टेकावा लागतो, आणि डावा पाय टेकला की हे आणि गाडी मिळून डावीकडे आडवे होतात. (खात्याच्या गाडीवर भर चौकात एकदा झालं होतं असं. ह्यांच्या मते फक्त गाडी पडली.)

तर शोरूम. तिथे टाय लावलेला एक विक्रेता होता. तो ह्यांना 'सर' म्हणाला. एकतीस वर्षांत ह्यांना कुणी सर म्हटलं नव्हतं, त्यामुळे पुढचा अर्धा तास तो जे म्हणाला ते ह्यांना पटत गेलं.

"सर, यात दोन प्रकार. ही टूरिंग आणि ही क्रूझर."

टूरिंग म्हणजे लांबच्या प्रवासाची. समोर वारा अडवायला मोठी काच, दोन्ही बाजूंना पेट्या, मागे आणखी एक पेटी. आणि मागे बसणाऱ्याला चांगली रुंद सीट, पाठ टेकायला गादी, दोन्ही बाजूंना हात ठेवायला दांड्या. थोडक्यात, दवाखान्यातली आरामखुर्ची चाकांवर बसवावी तशी.

क्रूझर म्हणजे निव्वळ रुबाब. बुटकी, लांबलचक, चकचकीत. चालवणाऱ्याने मागे रेलून पाय पुढे पसरायचे आणि हात असे रुंद हँडलवर ठेवायचे, की जगाला मिठी मारायला निघालाय. मागे बसणाऱ्याची सोय म्हणजे मडगार्डवर चिकटवलेला एक काळा तुकडा. मी टेप काढली. नऊ इंच.

"मॅडम, तिथे फारसं कुणी बसत नाही," विक्रेता म्हणाला.

"मग ठेवलंय कशाला?"

"लुक."

हे मात्र क्रूझरभोवती तीन फेऱ्या मारून आले. "हीच," म्हणाले.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मला मागे बसायचं होतं.

लग्न झालं तेव्हा ह्यांच्याकडे स्कूटर होती. पहिली दोन वर्षं मागची सीट माझी होती. मग मुलगी झाली, तिला मांडीवर घेऊन बसायचे. मग गॅसचा सिलिंडर आणायचा असला की मी घरी आणि माझ्या जागी सिलिंडर. मग पिठाचा डबा, मग माझंच शिवणाचं मशीन दुरुस्तीला. हळूहळू ती सीट सामानाची झाली आणि शेवटी स्कूटरच गेली. तीस वर्षं मी मशीनवर पाय मारतेय. एवढे पाय सायकलवर मारले असते तर पृथ्वीला दोन फेऱ्या झाल्या असत्या. मशीन मात्र खिडकीपासून इंचभर हललेलं नाही.

तेव्हा सरळ सांगायचं ना, 'अहो, मला मागे बसून लांब फिरायचंय, टूरिंग घ्या.' पण पन्नाशी उलटलेल्या, गुडघ्यांना मलम लावणाऱ्या बाईने नवऱ्याला असं म्हणायचं? जीभच वळेना. म्हणून मी म्हटलं, "आईंची पाठ दुखते. त्यांना दवाखान्यात न्यायला टूरिंग बरी."

सासूबाईंची पाठ ही आमच्या घरातली फार सोयीची गोष्ट आहे. एखाद्या लग्नाला जायचं नसलं तर सासूबाईंची पाठ. पाहुणे लवकर जायला हवे असले तर सासूबाईंची पाठ. स्वतः सासूबाई ऐंशीच्या, काडीसारख्या, आणि पाठ म्हणाल तर माझ्यापेक्षा ताठ. पण सून आपल्या पाठीची इतकी काळजी करते म्हटल्यावर त्या तरी कशाला नाही म्हणतील?

घरी आठवडाभर तोच विषय.

"टूरिंग म्हाताऱ्यांची गाडी आहे," हे म्हणायचे.

"तुम्ही साठ वर्षांचे आहात."

"ते कागदावर."

"आणि क्रूझरला मागे जागा नाही."

"मागे जागा कमी, हाच तिचा खरा फायदा आहे!" हे म्हणाले, आणि का कोण जाणे, जीभ चावून खिडकीबाहेर बघायला लागले.

ते वाक्य माझ्या मनाला फार लागलं. एकट्याने मिरवायचंय तर! तीस वर्षं डबे मी भरायचे आणि वारा ह्यांनी खायचा. त्या दिवशी मी रागात एका गणवेशाला दोन डाव्या बाह्या लावल्या.

मुलगी दवाखान्यात एक्स-रे काढते, त्यामुळे आपल्याला माणसाच्या आतलं दिसतं असा तिचा समज आहे. ती हळूच म्हणाली, "आई, खरं सांग, तुलाच बसायचंय ना मागे?"

"मला? छे! या वयात? आजीच्या पाठीसाठी म्हणतेय मी."

"बघ हं. आजी ऐकतेय."

सासूबाई दारातच उभ्या होत्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मला वाटलं, चला, एक मत आपल्या बाजूने पडलं. (माणसाला बुद्धी सुचायची ती अशी.)

शेवटी मी माझ्या धंद्याचा नियम काढला. कापडाला कात्री लावायच्या आधी ट्रायल घ्यायची. "गाडी आणायच्या आधी दोन्ही घरात बसवून बघू," मी म्हटलं. "मापं आहेत माझ्याकडे."

रविवारी सकाळी मी बैठकीच्या खोलीत दोन्ही गाड्या उभ्या केल्या. टूरिंगसाठी जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या एकामागे एक, बाजूंना दोन सुटकेसा, मागच्या खुर्चीला उशा आणि समोर काच म्हणून इस्त्रीचं टेबल उभं. क्रूझरसाठी एक बुटका स्टूल, पाय ठेवायला पुढे दोन पालथ्या बादल्या आणि हँडल म्हणून पडद्याचा दांडा, दोन कपाटांच्या मुठींना दोरीने बांधलेला.

इथे एक कबुली देते. वहीत क्रूझरच्या सीटची उंची सव्वीस इंच होती. मी स्टूल घेतला तो चोवीसचा. आणि बादल्या थोड्या जास्त पुढे सरकल्या. खोटं असं मी काही बोलले नाही. फक्त दोन इंच कमी बोलले.

हे क्रूझरवर बसले. पाय बादल्यांवर पसरले, हात रुंद करून दांडा धरला, हनुवटी वर.

"वा!" म्हणाले. "याला म्हणतात बसणं."

"पाच मिनिटं बसा," मी म्हटलं. "प्रवास पाच मिनिटांचा नसतो."

"पाच काय, तासभर बसतो."

आणि बसले हो! इरेला पेटलेला माणूस. विसाव्या मिनिटाला हनुवटी खाली आली. तिसाव्या मिनिटाला मुलीने विचारलं, "बाबा, गाव कुठलं आलं?" तर ह्यांनी फक्त नाकाने श्वास सोडला. चाळिसाव्या मिनिटाला म्हणाले, "अगं, जरा इकडे ये."

"का? ब्रेक लागत नाही?"

"पाय कुठे गेले बघ माझे."

पाय होते तिथेच होते, पण मुंग्या येऊन परके झाले होते. उठायला म्हणून ह्यांनी दांड्याला जोर दिला. दांडा कपाटाच्या मुठींसकट सुटून हातात आला, एक बादली घरंगळत स्वयंपाकघरात गेली आणि हे स्टुलावरून मागे, शिवायला आलेल्या चादरींच्या ढिगाऱ्यावर, पाय वर करून. क्रूझर बसल्या जागी उलटली. तीन चाकांची गाडी पडत नाही म्हणे!

"बाबा, फक्त गाडी पडली ना?" मुलगी म्हणाली.

या सगळ्या गोंधळात टूरिंगच्या मागच्या खुर्चीवर कोण होतं? सासूबाई. त्या केव्हातरी जाऊन बसल्या होत्या, हात उशांवर टेकवून, मान एका बाजूला करून गाढ झोपल्या होत्या. बादली पायाशी येऊन थांबली तरी जाग नाही.

हे चादरींतून बघत होते. आईकडे बघितलं, आपल्या पायांकडे बघितलं आणि पडल्या पडल्या म्हणाले, "ठीक आहे. टूरिंग."

जिंकले मी! एवढा आनंद झाला की टूरिंग दारात यायच्या आतच मी मागच्या सीटसाठी कव्हर शिवायला घेतलं. मरून रंगाचं, जाड कापड, आत स्पंज, दोन्ही बाजूंच्या दांड्यांनाही आतून गुबगुबीत गाद्या. आता माप कुणाचं घ्यायचं? माझ्या वहीत घरातल्या सगळ्यांची मापं आहेत, फक्त माझं नाही. स्वतःचं माप मी कधी घेतलेलं नाही. (टेपसुद्धा एकदाच आणलेली आहे, तिला कशाला ताण?) शिवाय सगळं सासूबाईंच्या नावाने चाललेलं. शंका नको म्हणून मी रीतसर त्यांचंच माप घेतलं. तेरा इंच. दोन दांड्यांमध्ये अठरा इंच जागा होती. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंचांची गादी दिली, मध्ये राहिले चौदा. गाडी आल्यावर गाद्यांचे बंद दांड्यांच्या बुडाशी पक्के शिवून टाकले. माझी शिलाई उसवत नाही, अशी ख्याती आहे.

मनात म्हटलं, एकदा दवाखान्याची फेरी झाली, की मग सासूबाई कशाला बसतायत? मग आपणच.

पहिल्या दिवशी हे हेल्मेट घालून तयार, मी मागच्या पेटीत पाण्याची बाटली ठेवतेय, तोवर सासूबाई बाहेर आल्या. डोक्यावर हेल्मेट, हातात काठी.

"आई, आज दवाखान्याचा दिवस नाही," मी म्हटलं.

"दवाखान्यात कशाला? जरा हवा खाऊन येतो." आणि माझ्या गालावरून हात फिरवला. "माझ्या पाठीसाठी भांडलीस गं तू. पोटच्या पोराला नाही सुचलं, तुला सुचलं. आता ही सीट मी रिकामी ठेवायची नाही. तुझे कष्ट वाया नाही जाऊ देणार."

आणि नाही जाऊ दिले. सोमवारी तळ्यावर, मंगळवारी त्यांच्या मैत्रिणीकडे, बुधवारी दुसऱ्या मैत्रिणीकडे, पहिलीचं घर कसं आहे ते सांगायला. महिनाभरात त्यांनी जेवढं गाव बघितलं तेवढं ह्यांनी एकतीस वर्षं मीटर तपासून बघितलं नव्हतं. परत आल्या की गाल लाल झालेले, मला सगळं वर्णन करून सांगायच्या. मी पाय मारत ऐकायचे. एकदा म्हणाल्या, "कानाला वारा लागतो गं, हेल्मेटच्या आत घालायला एक टोपी शिवून दे." तीही शिवून दिली.

मुलगी म्हणायची, "सांग ना बाबांना."

"काय सांगू? तुमच्या आईला खाली उतरवा म्हणून?"

सिलिंडर होता तेव्हा बरं होतं. सिलिंडर निदान वर्णन तरी करत नव्हता.

मग गेल्या शनिवारी सकाळी हे अंगणात गाडी पुसत होते. सासूबाई आत तयार होत होत्या. मी सीटची शिवण तपासायच्या निमित्ताने बाहेर गेले, इकडेतिकडे बघितलं आणि पटकन बसले. जरा जोर लावावा लागला, पण मग 'फस्स' करून आत बसले. पाठ टेकली, हात दांड्यांवर ठेवले. काय सांगू! समोर नुसतं कुंपण होतं, पण मला तळं दिसत होतं.

हे पुसता पुसता थांबले. "काय गं?"

आणि मला काय झालं कोण जाणे, बोलून गेले. "मलाच बसायचं होतं हो. पहिल्यापासून. आईंच्या पाठीचं नुसतं निमित्त होतं."

ह्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"अगं मग बोलायचंस ना! मी क्रूझर कशाला म्हणत होतो?"

"रुबाबासाठी."

"रुबाब कसला! टूरिंगला मागे आरामखुर्ची. आई बसणार आणि उठणार नाही, हे मला शोरूममध्येच दिसलं होतं. क्रूझरला तो एवढासा तुकडा. तिथे आईला बसवता आलं नसतं. म्हटलं, तू बसशील. स्कूटरवर बसायचीस तशी." मग कान लाल करून म्हणाले, "पण आईसमोर कसं बोलणार? आणि तू तर तिच्या पाठीवरून माझं डोकं खात होतीस."

खरं सांगत होते की वेळेला सुचलं, ते मला अजून कळलेलं नाही. मी ते मोजायला गेले नाही. कारण माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. नऊ इंच! तीस वर्षांनंतरही या माणसाला मी नऊ इंचांत मावेन असं वाटतं! एवढं चांगलं माझ्याबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. हेल्मेट, आत टोपी, हातात काठी. "झाली का तपासून शिवण? उतर बाई, मैत्रीण वाट बघतेय."

मनात म्हटलं, उतरावं. नऊ इंचांनी मन भरलंय, आता सीट गेली तरी चालेल. मोठ्या मनाने मी उठायला गेले.

उठता येईना.

गाद्यांनी मला दोन्ही बाजूंनी धरलं होतं. जोर लावला की मी नाही, गाडी वर व्हायची. ह्यांनी हात ओढले, मुलीने बाहेर येऊन मागून ढकललं.

"आई, श्वास सोड."

"सोडलाय गं!"

"आणखी सोड."

"आता जीवच उरलाय!"

मुलगी कात्री घेऊन आली, तर हे आडवे आले. "नव्या सीटला कात्री लावायची नाही! दांड्यांचे बोल्ट सैल करावे लागतील. तो पाना बाजारातल्या सीटवाल्याकडेच मिळेल."

"मग त्याला बोलवा ना."

"त्याला कशाला? गाडी आहे की आपल्याकडे."

सासूबाईंनी आपलं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर दाबलं. टोपीसकट. "जा," म्हणाल्या. "पाठ टेकून बस हो. छान टेकते."

आणि आम्ही निघालो. मोठ्या रस्त्याने, चौकातून, शाळेवरून. वारा लागत होता. (कानाला नाही, टोपी खरंच चांगली झालीय.) सिग्नलला हे थांबले आणि कुणीही डावीकडे आडवं झालं नाही. पुढून ओरडून म्हणाले, "बरं वाटतंय का?" मी म्हटलं, "हळू चालवा, दुकान लवकर येईल." तेव्हा ह्यांनी गुपचूप तळ्याकडून वळसा घातला. दोनदा.

पण दुकान यायचं ते आलंच. सीटवाल्याने खाली बसून दोन्ही दांड्यांचे बोल्ट सैल केले. मी बाटलीच्या बुचासारखी सुटले. चार गिऱ्हाइकं बघत होती. सीटवाल्याने गादीवर बोट दाबलं, शिवण ओढून बघितली, ती उसवेना तेव्हा मान हलवली.

"शिलाई पक्की आहे, पण माप साफ चुकलंय, ताई. बसणाऱ्याचं माप न घेताच शिवलंय. कुठल्या नवशिक्याने शिवलं हे?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. चार गिऱ्हाइकांनी बघितलं. तीस वर्षांच्या धंद्याचा प्रश्न होता.

"आमच्या सासूबाईंनी," मी म्हटलं.